लिलावातली, जप्त किंवा बेवारस गाडी घेऊन नावावर करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस ठाण्याच्या आवारात गवतात बुडालेल्या दुचाक्या, पुलाखाली चारही टायर बसलेली मारुती, गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्री टाकलेली सॅन्ट्रो. अशी गाडी दिसली की मनात एकच प्रश्न येतो, "ही स्वस्तात मिळेल का?" मी गेली कित्येक वर्षं जुन्या गाड्यांची आरटीओची कामं करतो आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. गाडी मिळते. नावावर होईल की नाही, हे मात्र ती कोण विकतोय आणि कोणत्या अधिकाराने विकतोय यावर ठरतं. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या कामाच्या अनुभवावरून लिहिली आहेत. कायदे केंद्राचे असल्यामुळे गोव्यातल्या किंवा इंदूर-बडोद्याच्या वाचकांनाही बरीचशी लागू पडतील.

बेवारस गाडी नेमकी कशाला म्हणायचं?

धूळ खात पडलेली प्रत्येक गाडी बेवारस नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला सांगू शकतो. पण उचलली म्हणजे मालकी गेली असं होत नाही. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचं नाव आहे तोच मालक राहतो, आणि तो वारला असेल तर त्याचे वारस. बेवारस म्हणतात त्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांना वारस असतो. कुणी तो शोधलेला नसतो, एवढंच. म्हणून लिलावाच्या वाटेला जाण्याआधी मालक सापडतो का ते पाहा. ती वाट जवळची आणि स्वच्छ आहे.

गॅरेजवाला म्हणतो, "मालक तीन वर्षं फिरकला नाही. बिलाचे पैसे द्या आणि घेऊन जा." घेऊ का?

नका घेऊ. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १७० सांगतं की ज्या कारागिराने वस्तूवर मेहनत घेतली, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे अडवून ठेवता येते. गॅरेजवाला हा असाच कारागीर. इंजिन उघडून बसवलं, बिल थकलं, तर तो चावी द्यायला नकार देऊ शकतो. पण हे कलम त्याला गाडी अडवण्याचा हक्क देतं, विकण्याचा देत नाही. गहाण घेणाऱ्या सावकाराला त्याच कायद्याच्या कलम १७६ खाली वाजवी नोटीस देऊन गहाण वस्तू विकता येते. गॅरेजवाल्याकडे गाडी गहाण नसते, दुरुस्तीला आलेली असते. दोघांत हाच फरक आहे.

दुसरं, माल विक्री कायदा १९३० चं कलम २७. जे माझं नाही ते मी तुम्हाला विकलं, तरी माझ्याकडे होता त्याहून जास्त हक्क तुम्हाला मिळत नाही. गॅरेजवाल्याकडे मालकी नाही, मग तुमच्याकडे कुठून येणार? उद्या मालक किंवा त्याचा मुलगा उभा राहिला तर गाडी परत जाईल, आणि तुम्ही घातलेले टायर-बॅटरीही तिच्याबरोबर जातील. गाडी मुळात चोरीची निघाली आणि तुम्हाला संशय यायला जागा होती असं दिसलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ चा प्रश्न येतो. चोरीचा माल ठेवून घेण्याला त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

एक गृहस्थ माझ्याकडे जुनी वॅगन-आर घेऊन आले होते. अठ्ठावीस हजार गॅरेजवाल्याला दिले होते आणि हातात होती वहीच्या पानावरची पावती: "गाडीचा व्यवहार पूर्ण, यापुढे माझा संबंध नाही." संबंध नाही हे त्याचं खरंच होतं, आधीही नव्हता. आरसीवरचे मालक वारले होते आणि मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. आम्ही तिचा पत्ता काढला, तिच्याशी बोललो, तिला वेगळे पैसे दिले आणि मग वारसाच्या मार्गाने गाडी नावावर झाली. सुरुवातीलाच तिच्याकडे गेले असते तर त्यांचे निम्मे पैसे वाचले असते.

मग गॅरेजवाल्याने करायचं काय? त्याची जागा अडते, बिल बुडतं.

त्याची अडचण खरी आहे. आरसीवरच्या पत्त्यावर पोच मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवावी. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर लिहून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. तरीही कुणी आलं नाही तर दिवाणी दावा लावावा. हुकूमनामा मिळाला की न्यायालयामार्फत जप्ती आणि विक्री होऊ शकते, आणि त्या विक्रीला कागद असतो. गाडी ताब्यात घेतानाच जॉबकार्डवर "काम झाल्यावर इतक्या दिवसांनी रोजचं इतकं जागाभाडं" असं लिहून सही घेतलेली असेल तर पुढे भांडण कमी होतं. न लिहिलेलं जागाभाडं वसूल करणं अवघड जातं.

पण अमेरिकेत तर गॅरेज आणि टोइंगवाले अशा गाड्या विकतात ना?

हो. हा प्रश्न बहुतेक कॅलिफोर्नियातल्या भाच्याकडून किंवा जावयाकडून आलेला असतो. तिथे थकीत बिलापोटी गाडी विकण्याची पद्धतच कायद्यात आखून दिली आहे. गॅरेज किंवा टोइंग यार्ड नोंदणीकृत मालकाला आणि कर्ज देणाऱ्याला नोटीस पाठवतं, ठरलेली मुदत थांबतं, मग विक्री करतं. घेणारा ती कागदपत्रं डीएमव्हीत, म्हणजे तिथल्या आरटीओत, देऊन स्वतःच्या नावाचं टायटल (मालकीचा कागद) काढतो. आपल्याकडे अशी सोपी वाट नाही. करार कायद्याच्या कलम १६९ मध्ये हरवलेली वस्तू सापडलेल्याला काही अटींवर ती विकता येते, उदाहरणार्थ खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला तर. पण मालकाने स्वतः आणून दिलेली गाडी सापडलेली वस्तू ठरत नाही. काही एजंट हेच कलम दाखवून गाडी गळ्यात मारतात. त्यांच्या नादी लागू नका.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वर्षं एक गाडी पडून आहे. सोसायटी विकू शकते का?

नाही. भंगारात घालू शकत नाही आणि ठरावाने कुणा सभासदाला देऊही शकत नाही. मालक सभासद असेल तर त्याला, भाडेकरूची असेल तर घरमालकाला लेखी कळवा. कुणाचीच नसेल तर नंबर आणि चेसिस नंबर पोलीस ठाण्यात लेखी द्या. चोरीची असेल तर तिथेच कळेल. सार्वजनिक रस्त्यावरून गाडी उचलणं पोलीस आणि महापालिकेला सोपं असतं, खासगी आवारात ते सहसा लगेच येत नाहीत. पाठपुरावा करावा लागतो.

मूळ मालक शोधायचा कसा?

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचं मॉडेल, नोंदणीची तारीख, आरटीओ, विमा, बोजा (गाडीवरचं नोंदलेलं कर्ज) हे दिसतं. मालकाचं नाव मात्र अर्धं झाकलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. आरटीओच्या नावावरून शहर कळतं. काचेवर सर्व्हिस सेंटरचा स्टिकर असतो, डॅशबोर्डच्या कप्प्यात जुनी पीयूसी किंवा टोलची पावती सापडते. आजूबाजूचा वॉचमन, किराणा दुकानदार आणि इस्त्रीवाला या तिघांना विचारल्याशिवाय हार मानू नका.

मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नेहमीचं हस्तांतरण करा. वारला असेल तर आधी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग तुमच्या नावावर. वारस दोन-तीन असतील तर बाकीच्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं लागतात. वेळ लागतो, पण नंतर कुणी दार ठोठावत नाही.

पोलीस ठाण्यातली गाडी लिलावापर्यंत कशी येते?

दोन प्रकार असतात. एक मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेली गाडी. दुसरी बेवारस, म्हणजे जिच्यावर कुणी हक्क सांगितला नाही अशी. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या मालाचं काय करायचं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ आणि ५०४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५७ आणि ४५८ मध्ये होतं, म्हणून जुन्या आदेशांत ते आकडे दिसतील. हक्कदार माहीत नसेल तर दंडाधिकारी उद्घोषणा काढतात आणि सहा महिन्यांत हक्क सिद्ध करायला सांगतात. कुणी आलं नाही तर माल शासनाच्या हवाली करून विकण्याचा आदेश होऊ शकतो. त्या आदेशावर अपील करता येतं.

सुंदरभाई देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जप्त गाड्या ठाण्यांत वर्षानुवर्षं सडू देऊ नका, पंचनामा आणि फोटो करून त्या सोडा किंवा विका. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने फोटो, चित्रीकरण आणि ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश असं वेळापत्रकच घालून दिलं. तरीही ठाण्यांची आवारं भरलेली दिसतात. चांगल्या चालत्या गाड्या पावसात कुजून लोखंडाच्या भावाने जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या कुणाच्या तरी हप्त्यांतून आलेल्या असतात.

लिलावाची माहिती कुठे मिळते?

स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना, पोलीस आयुक्तालय किंवा अधीक्षक कार्यालयाचा सूचनाफलक आणि संकेतस्थळ, महापालिकेचं संकेतस्थळ. सरकारी खात्यांचे पुष्कळ ई-लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या पोर्टलवर होतात. तिथे आधी नोंदणी करावी लागते आणि अनामत भरावी लागते. बोली लागली आणि ठरलेल्या मुदतीत बाकी पैसे भरले नाहीत तर अनामत बुडते. सगळा माल "जसा आहे, जिथे आहे" या अटीवर विकला जातो, म्हणजे नंतर इंजिन निघालेलं दिसलं तरी तक्रार चालत नाही. बऱ्याच वेळा वीस-तीस दुचाक्यांचा एकच लॉट असतो. एकट्या माणसाला एक गाडी हवी असेल तर सुटे लॉट असलेला लिलाव शोधावा.

जाहिरातीत सगळ्यात आधी काय वाचू?

"भंगार" हा शब्द.

गाडी भंगार म्हणून विकली जात असेल तर ती पुन्हा रस्त्यावर आणायची नाही. तिची नोंदणी रद्द होते, चेसिस नंबरचा तुकडा कापला जातो, आणि तुम्हाला मिळतं ते लोखंड. कितीही चांगली दिसली तरी ती नावावर होणार नाही. असे लॉट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांसाठी किंवा भंगार व्यापाऱ्यांसाठी असतात. सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं तर १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरणच होत नाही, त्या भंगारातच जातात. त्यामुळे "सरकारी जीप स्वस्तात मिळवून देतो" म्हणणाऱ्या माणसाला आधी तिचं वय विचारा.

अटींमध्ये "नोंदणी हस्तांतरणासह", "वापरण्यायोग्य" असं काही लिहिलं आहे का ते बघा. स्पष्ट नसेल तर लिलाव करणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "होईल हो साहेब" आरटीओच्या खिडकीवर चालत नाही.

गाडी पाहायला गेल्यावर काय तपासू?

टॉर्च, जुना टूथब्रश, कापड, थोडं रॉकेल, पांढरा कागद आणि पेन्सिल बरोबर न्या. रंग, सीट, टायर नंतर बघा. पहिला अर्धा तास चेसिस नंबरला द्या.

मोटारीत तो बहुधा बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, मोटरसायकलला हँडलच्या मानेवर. वर्षानुवर्षांचा चिखल बसून तो जागेवर आहे हेही कळत नाही. रॉकेलने ओला करून ब्रशने हळूहळू घासा. अक्षरं वर आली की त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, ठसा उमटतो. याला चेसिस प्रिंट म्हणतात आणि पुढे आरटीओतही तोच लागतो. ठशातलं एक-एक अक्षर लिलावाच्या यादीशी आणि "वाहन" या सरकारी नोंदणी पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून पाहा. ८ चा ३ केलेला, ओळ वाकडी झालेली, आजूबाजूचा पत्रा घासून पातळ झालेला किंवा तेवढ्याच भागावर नवा रंग दिसला, की तिथूनच परत फिरा. यादी करणाऱ्या हवालदाराच्या हातून अंक चुकलेला असू शकतो, पण ती चूक बोलीच्या आधी दुरुस्त करून घ्यायची. विक्री प्रमाणपत्रावर चुकलेला एक अंक सहा-सहा महिने फिरवतो, हे मी स्वतः भोगलंय.

गाडी चोरीची आहे का ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या "वाहन समन्वय" मधून पाहता येतं. मोटार असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मुळाशी गाळाची रेघ असेल, सीटखालच्या रुळांवर गंज आणि बारीक माती असेल, तर गाडी पुरात बुडालेली आहे. २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण, प्रत्येक पुरानंतर अशा गाड्या बाजारात फिरल्या.

बोली लागली. आता नावावर कशी करायची?

सरकारने किंवा सरकारच्या वतीने केलेल्या जाहीर लिलावातली गाडी असेल तर फॉर्म ३२ लागतो, २९-३० नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ५७ प्रमाणे गाडीचा ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. त्याबरोबर लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री कायम केल्याचं प्रमाणपत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या शासन आदेशाची प्रमाणित प्रत जोडायची. न्यायालयाचा आदेश असेल तर त्याचीही प्रमाणित प्रत घ्या. झेरॉक्सवर काम अडतं. शिवाय पैसे भरल्याची पावती, गाडी सोडण्याचं पत्र, तुमच्या नावाचा विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसिस प्रिंट. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतात, म्हणून तपासणीला ती नेण्याची सोय करावी लागते.

जुनी आरसी बहुतेक वेळा मिळत नाही. गाडी सोडण्याच्या पत्रावरच "नोंदणी पुस्तक उपलब्ध नाही" असं लिहून घ्या. ते एक वाक्य नसल्यामुळे लोकांना पुन्हा ठाण्यात जावं लागलेलं मी पाहिलंय, आणि तोवर सही करणारे अधिकारी बदलून गेलेले असतात.

गाडीला नंबरच नाही, किंवा आहे तो खोटा निघाला तर?

त्याची सोय नियम ५७ मध्येच आहे. अशा वेळी आरटीओ आधी लिलाव करणाऱ्या सरकारी खात्याच्या नावाने नवा नंबर देतं आणि मग मालकी तुमच्या नावावर नोंदवतं. मात्र चेसिस आणि इंजिन नंबर शाबूत हवेत.

बँकेने ओढून आणलेली गाडी घेणं जास्त सुरक्षित का?

कागदाच्या बाबतीत बहुधा हो. मालक कोण, कर्ज किती, गाडी कधीपासून यार्डात आहे, सगळी नोंद असते. पण खासगी बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा लिलाव हा सरकारी लिलाव नव्हे, त्यामुळे तिथे फॉर्म ३२ चालत नाही.

सरळ मार्ग असा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ खाली कर्ज देणारी संस्था फॉर्म ३६ भरून आरसी स्वतःच्या नावावर मागते. आरटीओ जुन्या मालकाला फॉर्म ३७ ची नोटीस पाठवतं, म्हणणं मांडायची संधी देतं, मग संस्थेच्या नावाने नवीन आरसी निघते. तिथून फॉर्म २९-३० वर ती तुमच्याकडे येते. दुसरा, रोजच्या वापरातला मार्ग म्हणजे कर्ज घेतानाच कोऱ्या फॉर्मांवर घेऊन ठेवलेल्या सह्या. एजंट त्यावर तारीख टाकून काम करतो. यात सही जुळली नाही, किंवा मूळ मालकाने आरटीओत हरकत नोंदवली, की फाइल थांबते. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: आरसी कुणाच्या नावावर आहे? मूळ आरसी तुमच्याकडे आहे का? बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र कधी मिळेल? मालकाला विक्रीपूर्व नोटीस दिल्याची पोच दाखवाल का? विकणारा शेवटच्या प्रश्नाला चिडला तर सौदा सोडा. हप्ते थकले म्हणून कुणाची गाडी दांडगाईने ओढून आणली असेल, तर त्या भांडणात आपण पडू नये आणि त्यावर आपला फायदाही करू नये.

पोलीस लिलावातल्या गाडीवर बँकेचा बोजा दिसतोय. तो आपोआप उतरतो का?

माझ्या अनुभवात नाही. आरटीओ कर्ज देणाऱ्या संस्थेचा कागद मागतंच. म्हणून बोलीच्या आधी पोर्टलवर बोजा तपासा, आणि असेल तर बँकेला लिलावाची नोटीस गेली होती का ते लिलाव करणाऱ्या कार्यालयात विचारा. पंधरा वर्षांपूर्वीचं कर्ज फिटलेलं असतं, मालकाने नोंद काढलेली नसते, असंही पुष्कळदा निघतं. तेव्हा बँकेत गाडीचा नंबर देऊन ना-हरकत पत्र मिळतं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेत जायचं.

जुनी चलनं आणि थकलेला कर कुणी भरायचा?

चूक जुन्या चालकाची, पण पोर्टलवर चलन थकलेलं असेल तर हस्तांतरण तुमचं अडतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर आधीच पाहा आणि ती रक्कम बोलीतून वजा धरा. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी अशा व्यावसायिक गाड्यांचा थकलेला कर जबर असू शकतो. कधी तो गाडीच्या किमतीहून जास्त निघतो.

गाडी १५ वर्षांची झाली आहे. घ्यावी का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये आणि मोटरसायकलचं १,००० रुपये झालं. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवलं. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर आहे, आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते. आठ हजारांच्या स्कूटरसाठी एवढं करणं आतबट्ट्याचं. वडिलांनी चालवलेल्या मॉडेलची प्रीमियर पद्मिनी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मी हिशेब विचारत नाही.

गोव्याच्या किंवा कर्नाटकच्या पासिंगची गाडी स्वस्त मिळतेय.

मूळ आरटीओकडून फॉर्म २८ ची ना-हरकत, महाराष्ट्राचा कर, आणि नवीन नंबरासाठी फॉर्म २७. कर धरला की स्वस्ताई बरीच ओसरते.

विमा कंपनीने "टोटल लॉस" (दुरुस्ती परवडणार नाही अशी) ठरवलेली गाडी?

सामान्य माणसाने टाळावी. अशा गाड्यांची कागदपत्रं चोरांना हवी असतात. अपघातातल्या गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवतात. तुम्ही प्रामाणिक असलात तरी तुमच्या आधीचा तसा होता का, हे कळायला मार्ग नसतो.

लिलावातून गाडी चालवत घरी नेऊ का?

नाही. क्रेनवर किंवा टेम्पोत टाकून न्या. नोंदणी वैध नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, विमा नसेल तर कलम १९६ प्रमाणे २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडापेक्षा मोठी भीती अपघाताची. विम्याविना कुणाला लागलं तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल.

चार-पाच वर्षं बंद असलेलं इंजिन सुरू कसं करायचं?

स्टार्टर मारायची घाई करू नका, त्यात इंजिनं जातात. आधी एअर फिल्टरच्या डब्यात आणि वायरिंगमध्ये उंदरांची घरटी बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, ते वार्निशसारखं चिकट झालेलं असतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पान्याने क्रँक हाताने फिरवा. फिरला तर आशा आहे. मग ऑइल, फिल्टर, बॅटरी बदलून सुरू करा. इंजिन पेटलं म्हणजे झालं असं मात्र नाही. ब्रेकचे पिस्टन जाम होतात, रबरी होज फुगतात. ब्रेकचं काम झाल्याशिवाय गाडी गेटाबाहेर नको.

एकूण खर्चाचा अंदाज कसा बांधू?

समजा बोली ४०,००० ला लागली. त्यावर लिलावाच्या अटींप्रमाणे जीएसटी, भंगार असेल तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तिथेच घेतलेला आयकर. क्रेन, तृतीय-पक्ष विमा, पीयूसी, टायर, बॅटरी, ब्रेक, थकीत चलनं, नूतनीकरण. हस्तांतरणाचं सरकारी शुल्क यात सगळ्यात किरकोळ, मोटारीला ३०० आणि दुचाकीला १५० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. मी लोकांना सांगतो की बोलीइतकीच रक्कम बाजूला तयार ठेवा. तेवढी नसेल तर चालू गाडीच घ्या.

मी परदेशात आहे. पुण्यात ठेवलेली माझीच गाडी उचलून नेल्याचं कळलं. काय करू?

लगेच हालचाल करा. गाडी ज्या ठाण्याच्या किंवा महापालिकेच्या ताब्यात आहे तिथे घरच्या माणसाला अधिकारपत्र, आरसीची प्रत आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत घेऊन पाठवा. उद्घोषणा निघाली असेल तर तिच्या सहा महिन्यांत लेखी हक्क सांगा. लिलाव झाल्यावर गाडी परत मिळवणं फार कठीण होतं. आरसीवरचा पत्ता जुना असेल तर नोटिसा तिथेच जात राहतात, म्हणून परदेशी जाण्याआधी पत्ता बदलून घ्या किंवा गाडी विकून टाका.

लिलावात घेतली, पण नावावर न करता तशीच पुढे विकली तर?

दोन्हीकडून अडकाल. तुमच्या नावाची नोंद नसताना तुम्ही पुढच्याला फॉर्म २९ देऊ शकत नाही, आणि विक्री प्रमाणपत्र तुमच्या नावाचं असल्यामुळे तो स्वतः फॉर्म ३२ भरू शकत नाही. नावावर करून विकली तरी काम तिथे संपत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की अपघाताच्या वेळी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, गाडी मधल्या काळात तीन हात फिरलेली असली तरी. तेव्हा चावी देण्याआधी घेणाऱ्याबरोबर बसून हस्तांतरणाचा ऑनलाइन अर्ज भरा, अर्ज क्रमांकाची पावती स्वतःकडे ठेवा आणि पोर्टलवर त्याचं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा.